मुळासकट

अकरा वर्षं योलिमानं गुलाब कापले.
बोगोताच्या पठारावर, प्लास्टिकच्या आभाळाखाली,
तासाला तीनशे देठ,
सत्तर सेंटिमीटर, सरळ, कळी अर्धी मिटलेली.
फेब्रुवारीच्या चौदा तारखेसाठी
आम्ही जानेवारीतच आमची झोप विकून टाकायचो.
लांबच्या कुठल्या देशात कुणीतरी कुणालातरी
ते फूल देत असेल, आम्ही कधी पाहिलं नाही.
आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच :
विमानात चढतं तेव्हा ते फूल मेलेलंच असतं,
फक्त त्याला अजून कुणी कळवलेलं नसतं.

म्हणून आर्नुल्फोनं विचारलं तेव्हा ती हो म्हणाली
आणि लगेच म्हणाली, माझ्या लग्नात कापलेलं काही नको.
आर्नुल्फो साधा दूधवाला. त्यानं विचारलं,
केकसुद्धा नाही?
केक चालेल, ती म्हणाली.

पत्रिकेवर तिनं हातानं लिहिलं :
येताना जितं काहीतरी आणा.
मुळासकट. डब्यातलं चालेल.

आणि लोक आले,
दूध-पावडरच्या डब्यात सताप घेऊन,
तेलाच्या पत्र्यात पुदिना,
जुन्या हेल्मेटात आलिसोचं बोटभर रोप.
एदिल्मानं अर्रायान आणलं, सोबत त्याची गाऱ्हाणी :
ऊन लागतं, पण फार नाही, पाणी लागतं, पण उभं नाही.
कुणाच्या तरी मेहुण्यानं बटाट्याचं झाड आणलं
आणि दिवसभर त्याचं समर्थन करत फिरला.
पाद्री म्हणाले, हे चर्च आहे की रोपवाटिका?
मग वेदी दिसावी म्हणून
दोन कुंड्या स्वतःच उचलून बाजूला ठेवल्या
आणि हातांची माती झग्याला पुसली.

योलिमाच्या हातात गुच्छ नव्हता.
सिएते-कुएरोसचं रोप काळ्या पिशवीत,
ओटीत धरावं तसं पोटाशी धरलेलं.
पिशवी गळत होती.
पांढऱ्या झग्यावर गुडघ्यापर्यंत
एक तपकिरी ओघळ उतरत गेला,
तो तिनं पुसला नाही.

मग कंपनीची गाडी आली.
मॅनेजरसाहेबांची भेट, दोनशे गुलाब,
गुरुवारी आम्हीच कापलेले.
अंगण गप्प झालं. तीपलेवाला सूर लावता लावता थांबला.
फेकायचे, तर आमच्याच हातचे.
ठेवायचे, तर तिचा शब्द.

योलिमानं कात्री मागितली.
पायरीवर बसली, झगा गुडघ्यांत खोचून.
फुलं खुडून पोरांच्या झोळीत टाकली,
वीतवीतभर काड्या केल्या, खालची पानं ओरबाडली,
तिरका काप, आणि बटाट्याच्या खोक्यात ओल्या वाळूत.
आम्ही चौदाजणी तिच्याभोवती बसलो.
कुणी सांगावं लागलं नाही.
तेच हात, तीच कात्री,
फक्त या वेळी पलीकडे विमान नव्हतं.
जेवण थंड झालं. नवरा सगळ्यांना पाणी देत फिरला.

सोमवारी रोपं ओढ्यावर चढवली.
बोअरवेली आल्यापासून तो ओढा
खोकल्यासारखा वाहतो, थांबून थांबून.
शहाण्णव रोपं लावली.
नऊ आर्नुल्फोच्याच गाईंनी खाल्ली,
त्यावरून त्यांचं पहिलं भांडण झालं, मोठं.
बटाटा मात्र चांगला आला.
ओढ्याला पाणी वाढलं का, विचारू नका,
अजून नाही.
गुलाबाच्या दोनशे काड्यांतल्या अकरा जगल्या.

तिसऱ्या वर्षी एकीला फूल आलं.
वाकडं, जेमतेम चाळीस सेंटिमीटर,
पाकळीला अळीनं कुरतडलेलं.
मी बघायला गेले होते. तोंडून निघून गेलं, नापास.
योलिमा म्हणाली, हळू बोल.

माझा हात सवयीनं कमरेच्या कात्रीकडे गेला.
कात्री नव्हती.
रविवार होता.